उकंडरावचे असंबद्ध प्रश्न

‘भाऊ, कोनी हाये का तिकडं?’ असं उकंडरावने विचारलं आणि बॉटने क्षणाचाही वेळ न लावता उत्तर दिलं, ‘माफ करा, मला समजलं नाही. कृपया पिकाचं नाव लिहा.’ त्यापुढे हिरवी खूण उमटली. पास. भागवतने चहाचा कप ओठांपर्यंत आणला होता, तो तिथेच राहिला. पडद्यावरच्या ओळी कुणासाठी थांबत नाहीत. त्या वर सरकत राहिल्या, एकेका ओळीपुढे हिरवी खूण लागत राहिली, आणि ती ओळ केव्हाच वर निघून गेली तरी भागवत ती जिथे होती तिथेच बघत बसला. खाली रस्त्यावर बाजार समितीकडे निघालेल्या सोयाबीनच्या गाड्या अडकल्या होत्या, कुणीतरी कुणाच्या तरी मायबापाचा उद्धार करत होतं, जैन मंदिराकडच्या गल्लीतून भजनाचा माईक अर्धवट ऐकू येत होता. कारंज्याची दुपार नेहमीसारखीच होती.

हा उकंडराव म्हणजे कुणी माणूस नव्हे. भागवतचं काम मुळातच समजावून सांगायला अवघड होतं, आणि त्याच्या बापाला तर ते अजूनही समजलेलं नव्हतं. तो चारचौघांत ‘पोरगं कम्प्युटरमधी हाये’ एवढं सांगून मोकळा होई. पुण्याच्या एका कंपनीने शेतकऱ्यांच्या मेसेजला उत्तरं देणारा बॉट बनवला होता. पिवळी पानं, अळी, फवारणी, भाव, असलं काही विचारलं की तो सांगायचा. पण खऱ्या लोकांसमोर उभा करण्याआधी त्याला घरातल्या घरात नीट तावूनसुलाखून घ्यावं लागे, आणि ते काम भागवतकडे. त्यासाठी त्याच्या लॅपटॉपवर एक खोटा सर्व्हर चालायचा. तो मेसेजवाल्या कंपनीचं हुबेहूब सोंग घ्यायचा. मेसेज घ्यायचा, पोचवायचा, दोन खुणा लावायचा, समोरचा माणूस टाइप करतोय असंही दाखवायचा. बॉटला बिचाऱ्याला वाटायचं की सगळा वऱ्हाड आपल्याशी बोलतोय. प्रत्यक्षात एक अक्षरही त्या खोलीच्या बाहेर जात नसे. लग्नानंतर भागवतने हे पहिल्यांदा हेमलाला सांगितलं तेव्हा ती गालावर हात ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली, “म्हंजे भातुकली. चुलीत जाळ नाई, भांड्यात भात नाई, पन जेवून उठाचं.” त्याला ते इतकं आवडलं की त्याने पुण्यातल्या करणला, म्हणजे त्याच्या साहेबाला, फोनवर तेच सांगितलं. स्वतःच्या नावावर.

आज करणनेच सकाळी कळवलं होतं की दिवाळीआधी सगळ्या चाचण्या एकदा चालवून घे, जुन्यासुद्धा. जुन्या म्हणजे ‘असंबद्ध प्रश्न’ नावाचा गठ्ठा. तो भागवतने गेले कित्येक महिने चालवला नव्हता. वेळ फार खातो, असं तो स्वतःला सांगायचा. ते खरंही होतं. आणि खरं नव्हतंही. त्या गठ्ठ्यात सगळा उकंडराव होता, आणि उकंडराव म्हणजे हेमला होती, आणि हेमला आषाढात, आखाडीच्या सणाला मेडशीला माहेरी गेली ती परत आलेली नव्हती. येत्या रविवारी तिच्या घरी चार माणसं बसणार होती. सासऱ्यांनी फोनवर फार सभ्यपणे सांगितलं होतं, “भागवतराव, भांडन नाई काई. पोरीचं म्हननं हाये का मोकळं करा. तुमी तुमचे मानसं घिऊन या.” भागवत तेव्हा ‘बरं’ म्हणाला होता. पाव्हण्यांना चहा हवा का विचारल्यावर म्हणतात, तेवढ्याच जोराने.

त्याने कप खाली ठेवला आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चालू केला. खोलीच्या दुसऱ्या बाजूला खाट होती. खाटेवर ऑफिसने टेस्टिंगसाठी दिलेला जुना फोन होता, त्यावर उकंडरावचं खातं अजून उघडं होतं. हेमला तिथे भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसायची. भागवत इकडे टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून. दोघांमध्ये हात लांब केला तर पोचेल न पोचेल एवढं अंतर. पलीकडून ती मेसेज लिहायची, तो या खोट्या सर्व्हरवर यायचा, सर्व्हर तो बॉटला द्यायचा, आणि बॉटचं उत्तर उलट्या वाटेने तिच्या हातातल्या फोनवर वाजायचं. भागवत कारंज्याच्या गल्लीत वाढलेला. वावर त्याने लग्नाकार्याला जाता-येता बसच्या खिडकीतून पाहिलेलं, त्यामुळे शेतकरी काय विचारेल, कसा विचारेल, हे त्याला सुचत नसे. त्याने बनवलेले शेतकरी शाळेतल्या निबंधासारखे बोलायचे. हेमलाला मात्र विचारावं लागत नव्हतं. तिने फोन हातात घेतला की तिच्या आतून एक खाष्ट, थोडा बहिरा, सगळ्यांवर रागावलेला म्हातारा उठून बसायचा. ‘सोयाबीनचे पानं पिवळे पडून राह्यले, काहून?’ ‘आता सांगतलं ना पिवळे, पुना काय इचारतं?’ ‘तू मानूस हायेस का मशीन, तुले सबर नाई का?’ बॉट गडबडून जायचा, भागवत पोट धरून हसायचा. “हेमले, तुयासारखा टेस्टर पुन्यात नाई,” तो म्हणायचा. ती फोनमधून मान वर न काढता म्हणायची, “मंग पगार द्या.”

नाव तिनेच ठेवलं होतं. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, “नाव काय लिहू तुया कास्तकाराचं?” तिने हातातला फोन खाटेवर पालथा ठेवला. मग म्हणाली, “उकंडराव.” भागवत खळखळून हसला होता. इतकं जुनं नाव त्याने कुणाच्या तोंडून ऐकून जमाना झाला होता. तो हसला तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं होतं. आता, पडद्यावर ओळी सरकत असताना, त्याला ते बघणं आठवलं. इतके दिवस आठवलं नव्हतं. माणसाचं डोकं किती सोयीचं असतं.

कारण त्याच्या आधी दोनच आठवडे ते दवाखान्यातून आले होते. हेमलाला चौथा महिना होता. डॉक्टरीण चांगली होती. ‘असं होतं कधीकधी,’ म्हणाली, ‘कुणाची चूक नसते.’ भागवतने रिक्षातून हेमलाला सांभाळून आणलं, खाटेवर निजवलं, पांघरूण घातलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसला. त्या दिवशी पुण्यात बॉटची नवीन आवृत्ती निघायची होती. त्याच्या काकूने फोनवर बजावलं होतं, तिच्यासमोर तो विषय काढू नको, बाई विसरून जाईल. भागवतने ते आज्ञाधारक पोरासारखं पाळलं. त्याला वाटलं, न बोलणं हीच माया. तो तिच्यासाठी केळी आणायचा, तिचे कपडे धुवायचा, शेजारणींनी विचारलं तर मधेच बोलून विषय बदलायचा. सगळं करायचा. एक वाक्य तेवढं त्याने त्या खोलीत उच्चारलं नाही. आणि खरं सांगायचं तर काकूचा सल्ला त्याच्या पथ्यावर पडला होता. आपण बोललो तर आपणही रडू, आणि रडलो तर थांबणार कसं, याची त्याला भीती वाटत होती.

मग उकंडराव बदलत गेला. आता सलग वाचताना ते दिसत होतं. आधी पिवळी पानं, मग अळी, मग हळूहळू त्याचं पिकाबिकातलं लक्षच उडालं. ‘भाऊ, घरी जेवन गोड लागत नाई.’ कृपया पिकाचं नाव लिहा. पास. ‘घरात दोन मानसं हायेत, पन बोलाले कोनी नाई.’ कृपया पिकाचं नाव लिहा. पास. ‘माह्या घरची बाई भांडे घासता घासता रडून राह्यली. तिले काय देवाव?’ औषधाचं प्रमाण जाणून घेण्यासाठी पिकाचं नाव लिहा. पास. या मेसेजला भागवत त्या वेळी मोठ्याने हसला होता, हे त्याला लख्ख आठवलं. भारी हाये, म्हणाला होता, लोक असंच कायबी लिवतात. आणि करणलाही असेच मेसेज हवे होते. लोक विषय सोडून बोलले तर बॉटने नम्रपणे त्यांना मूळ मुद्द्यावर आणलं पाहिजे. म्हणून भागवतने हा गठ्ठा वेगळा केला, त्याला ‘असंबद्ध’ असं नाव दिलं, आणि प्रत्येक मेसेजसमोर बरोबर उत्तर कोणतं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. चाचणी म्हणजे तेच असतं. बरोबर काय ते आधी माणूस ठरवतो, मग यंत्र तसं बोललं की हिरवी खूण. बॉट चुकला नव्हता. हेमलाला ‘मला समजलं नाही’ असं सांगणं हेच बरोबर, हे भागवतने ठरवून दिलं होतं.

आणि मग ती ओळ आली. ती येणार हे त्याला माहीत होतं. ‘लेकरू पोटातच गेलं तं त्याचं नाव ठिवा लागते का?’ भागवत त्या वेळी हसला नव्हता. तेवढा काही तो दगड नव्हता. त्याची बोटं कीबोर्डवर थांबली होती. पंखा फिरत होता, पाठीमागे खाटेवर ती फोन घेऊन बसली होती, आणि त्याला सगळं समजलं होतं. समजलं नाही असं मुळीच नव्हतं. हा प्रश्न कोण कुणाला विचारतंय, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावरून, हे त्याला स्वच्छ कळलं होतं. वळून बघायचं होतं फक्त. पण समोर पडदा होता, पडद्यात उकंडराव होता, उकंडराव खोटा होता, सर्व्हर खोटा होता, सगळी भातुकली होती. आणि भातुकलीतल्या माणसाला खरं उत्तर देण्याची कुणावर सक्ती नसते. त्याने मेसेजसमोर लिहिलं: माफ करा, मला समजलं नाही. कृपया पिकाचं नाव लिहा. मग चाचणी चालवली. पास. पलीकडे तिच्या हातातला फोन वाजला. ती उठून आत गेली आणि भात टाकला.

त्यानंतर उकंडरावचा एकच मेसेज होता. कोनी हाये का तिकडं.

भागवतने लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेडशीला जायला स्टँडवर जाऊन वाशीमच्या बसमध्ये बसला. करणला नुसतं ‘आज सुट्टी’ एवढं कळवलं. मंगरूळ गेलं, वाशीमला बस बदलली, मालेगाव मागे पडलं. सोयाबीन निघून गेलं होतं, वावरांत कुटाराचे, मळणीच्या भुसकटाचे ढीग होते, तुरी फुलाला आल्या होत्या. भागवत मनातल्या मनात बोलणं जुळवत होता. मी न्यायला आलो. हे वाक्य पोळ्याच्या आधी बोलायचं होतं. पोर आखाडीला माहेरी गेली की सासरच्या माणसाने जाऊन तिला आणायचं, ही इकडची रीत; एकटीने पिशवी घेऊन परत येणं म्हणजे तिचाही अपमान आणि माहेराचाही. भागवतला हे ठाऊक होतं. पण तेव्हाही पुण्यात काहीतरी निघायचं होतं, म्हणून त्याने मेसेज केला, ‘बसने ये, मी स्टँडवर घ्यायला येतो.’ तिचं उत्तर आलं, ‘बरं.’ मग ती आली नाही, आणि त्याला वाटलं, रागावली असेल, राहील थोडे दिवस. ‘बरं’ हा शब्द किती रिकामा असू शकतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असायला हवं होतं. त्यानेही तिच्या बापाला तेच म्हटलं होतं.

सासरे, रामधन, ओट्यावर बाजेवर बसले होते. त्यांनी त्याला बघितलं, घाईने उठले, टोपी सारखी केली. “या पाव्हने. रविवार तं परवा हाये ना?” त्यात टोमणा नव्हता, खरोखरच ते गोंधळले होते. सासूबाई, भागिरथाबाई, पाणी घेऊन आल्या आणि पदराआडून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. “वाळलं जी पोरगं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, जणू भागवत तिथे नव्हताच. हेमला मागच्या अंगणात होती. बियाण्यासाठी ठेवलेलं सोयाबीन सुपात घेऊन निवडत होती. तिने वर बघितलं. ती त्याला आधीपेक्षा बरी दिसली. तब्येत भरली होती, आणि हे पाहून आनंद व्हायचा तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काहून आले?” तिने विचारलं.

“तुले न्याले आलो.”

तिने सूप खाली ठेवलं नाही. एक किडका दाणा बाजूला काढला. “पोळ्याले मी बॅग भरून बसली होती. माय म्हने, येतीन. बाबा दोनदा स्टँडवर जाऊन आले.”

“चुकलं माहं.”

“हो,” ती म्हणाली. एवढंच. भांडली असती तर त्याने भांडणात पाय तरी रोवला असता.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. मग न जुळवलेलं बोलणं त्याच्या तोंडून आलं. “काल मी उकंडराव वाचला. सगळा.” तिचा हात थांबला. “मले वाटलं...” तो म्हणाला आणि अडखळला, कारण आता ‘मला समजलंच नव्हतं’ असं म्हणणं सोपं होतं, आणि तेवढं एक तरी खोटं त्याला बोलायचं नव्हतं. “मले तवाच समजलं होतं, हेमले. त्या लेकराच्या मेसेजचं. मी समजून बी तसंच लिवलं.”

“मले मालूम हाये,” ती म्हणाली. “मले खाटेवरून तुमचा पडदा दिसे. बॉटचं उत्तर फोनवर येयाच्या आंधी मी ते तुमाले लिवतानी पाहो. रोज. पह्यले वाटे, आज दुसरं काई लिवतीन. आज तरी इकडं पायतीन.” आता तिने सूप खाली ठेवलं. “त्या मशीनचा मले राग नाई. थे बिचारं शिकवलं तसं बोले.”

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. ओसरीच्या दारात भागिरथाबाई चहाचे कप घेऊन थांबल्या होत्या, पुढे यावं की नाही त्यांना कळत नव्हतं. हेमलाने त्यांच्याकडे बघितलं आणि मग अगदी साध्या आवाजात सांगितलं, “ज्याच्या घरी लेकरू वाचत नाई ना, थो दुसरं झालं का त्याले उकंड्यावर, केरकचऱ्यात लोयवते. अन् नाव ठिवते उकंडा. म्हंजे यमाले वाटते, फेकलेलं हाये, घरच्याले नको हाये, अन् थो त्याले सोडून देते. दवाखान्यातून आल्यावर मायनं मले फोनवर सांगतलं होतं, बाई, आता होईन त्याचं नाव उकंडा ठिवजो. मी इचार करत होती, जे गेलं त्याचंच ठिवाव का. तवाच तुमी इचारलं, नाव काय लिहू.” तिने सूप जवळ ओढलं. “तुमी हासले.”

भागवत रडला. चुलीवरचं दूध उतू जातं तसं, आधी काही नाही आणि मग एकदम सगळं. इतक्या महिन्यांत तो त्या लेकरासाठी पहिल्यांदा रडत होता, आणि ते तिला दिसत होतं. तिने त्याला हात लावला नाही, पण ती उठूनही गेली नाही. हे दवाखान्यातून आल्यावर त्या खाटेवर झालं असतं तर किती बरं झालं असतं, असं दोघांनाही वाटलं असणार.

“चाल,” तो शेवटी म्हणाला. “आता बोलत जाईन.”

“बोलान तुमी, मले भरोसा हाये,” हेमला म्हणाली, आणि तिचे डोळे भरले ते तेव्हा. “पन मी नाई येत. त्या खाटेवर बसली का मले पुना थो फोन हातात घ्यावा वाटीन. इथं मी मायले सांगतलं, थे रडली, मी रडली, बाबानं वावराच्या बांधावर झाड लावलं. माहं सारं बोलून झालं. तुमच्यासाठी ठेवलेलं काई उरलं नाई.” तिने पदराने तोंड पुसलं. “चहा घिऊन जा. थंडा होऊन राह्यला.”

तो चहा प्यायला. साखर जास्त होती, जावयासाठी घालतात तशी. परतीच्या वाटेवर रामधन स्टँडपर्यंत सोबत आले आणि बस येईपर्यंत, बोलण्यासारखं काही नसताना, शेजारी उभे राहिले. बांधावरचं झाड कुठलं, हे विचारायचं भागवतच्या मनात होतं. पण ते आपल्याला विचारता येईल की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही. रविवारी माणसं बसली. भांडण झालं नाही. सगळे म्हणाले, पोरगं चांगलं आहे, पोरगीही चांगली आहे.

सोमवारी दुपारी भागवतने लॅपटॉप उघडला. ‘असंबद्ध’ गठ्ठ्यात जाऊन त्याने शेवटच्या मेसेजसमोरचं आपल्या हातचं उत्तर पुसलं आणि तिथे लिहिलं, ‘हो, आहे. बोल.’ मग चाचणी चालवली. बॉटने पिकाचं नाव विचारलं. लाल खूण उमटली. थोड्या वेळाने करणचा फोन आला. “अरे, एक टेस्ट फेल होतेय तुझी. चुकीचं लिहिलंयस बहुतेक. काढून टाकू?”

“नको,” भागवत म्हणाला. “बरोबर लिहिलंय. राहू दे तशीच.”

फोन ठेवल्यावर त्याने बॉट बंद केला. खोटा सर्व्हर तेवढा चालू ठेवला. बॉटच्या जागी तो स्वतः बसला, आणि उकंडरावचा जुना मेसेज त्याने पुन्हा आत सोडला. तो आला. ‘भाऊ, कोनी हाये का तिकडं?’ भागवतने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि एकेक अक्षर लिहिलं. हो, आहे. बोल. मग त्याला आठवलं तसं अजून लिहिलं. नाव ठेवू. तू म्हणशील ते ठेवू. सर्व्हरने मेसेज घेतला, पोचवला, दोन खुणा लावल्या. आणि भागवत यावेळी वळला. त्याच्यामागे, हात लांब केला तर पोचेल न पोचेल एवढ्यावर, रिकाम्या खाटेवर फोन वाजला.